कलप, कट आणि कॅलेंडर

पहिला पांढरा केस दिसला की हात आपोआप रंगाच्या पाकिटाकडे जातो. जरा थांबा! रंग निवडणं सोपं आहे, तो निभावणं हाच खरा फंडा. पंचविशीपासून साठीपर्यंत केसांचं काय करायचं, त्याचा हा रोखठोक हिशेब...

सोमवारची सकाळ. ऑफिसची लिफ्ट. घरच्या बाथरूममधल्या पिवळ्या दिव्यात जो कधी दिसला नाही, तो लिफ्टच्या आरशात, पांढऱ्या उजेडात नेमका दिसतो. भांगाच्या कडेला, तारेसारखा ताठ. पहिला पांढरा केस! चौथ्या मजल्यापर्यंत ‘छे, धूळ असेल’. आठव्यापर्यंत ‘एखादाच तर आहे’. आणि बाराव्या मजल्यावर दार उघडेपर्यंत शनिवारची पार्लरची अपॉइंटमेंट मनातल्या मनात बुक झालेली असते.

तर दोस्तहो, हा लेख त्या शनिवारच्या आधी वाचायचा आहे.

कारण पहिल्यांदा रंग लावणं हे एका शनिवारचं काम नसतं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. आज भांग कितीही काळाभोर करून घ्या, पुढच्या महिन्यात मुळाशी पांढरी रेघ हजर! मग ‘रूट टच-अप’. मग पुन्हा एकदा. म्हणजे केसांचा रंग ही ड्रेससारखी एकदाच केलेली खरेदी नाही, ती जिमसारखी मेंबरशिप आहे. फरक इतकाच, की जिम मध्येच सोडली तर लोकांना लगेच कळत नाही. रंग सोडला, तर पहिल्याच महिन्यात सगळ्या मजल्याला कळतं.

आता थोडं गणित. समजा, टच-अपला दीड हजार रुपये पडतात आणि दर पाच आठवड्यांनी जावं लागतं. वर्षाला झाल्या १० फेऱ्या आणि १५ हजार रुपये. जाणं-येणं, थांबणं धरून एका फेरीला दोन तास, म्हणजे वर्षाचे २० तास. बत्तिसाव्या वर्षी सुरू केलंत आणि पंचावन्नाव्या वर्षी थांबलात, तर २३ वर्षांत २३० फेऱ्या, ४६० तास आणि याच भावाने ३ लाख ४५ हजार रुपये! घरी लावलात तर पैसे वाचतील, पण रविवार नाही वाचणार.

घाबरू नका. रंगाचं नावच टाका, असं मुळीच म्हणायचं नाहीये. रंग लावायला मजा येते, चेहरा खुलतो, मूड बदलतो. फक्त होम लोन घेताना आपण बँकवाल्याला जेवढे प्रश्न विचारतो, त्यातले निदान दोन-तीन आरशासमोरही विचारावेत. हप्ता किती? किती वर्षं? आणि मध्येच सोडायचं ठरवलं तर काय?

उन्हात पांढरे झालेले नाहीत!

‘माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत,’ असं घरातली वडीलधारी माणसं हमखास ऐकवतात. उन्हाने नाही, मग कशाने होतात?

केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात आणि ते केसात उतरतं. वयानुसार या पेशी थकतात, कमी होतात आणि नवा उगवणारा केस बिनरंगाचा येतो. म्हणजे ‘ग्रे’ असा वेगळा केस बहुधा नसतोच. काळे आणि पांढरे एकत्र दिसले की डोळ्यांना राखाडी भासतं, इतकंच.

हे कधी सुरू होणार, ते बरंचसं आई-वडिलांकडून आलेलं असतं. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात केस पिकण्याशी संबंधित एक जनुक सापडलं. टेन्शनने केस पांढरे होतात हे आजीचं म्हणणंही अगदीच हवेतलं नाही. २०२० मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवून दिलं, की ताणामुळे रंगपेशींचा मुळाशी असलेला साठाच संपू शकतो. अर्थात, ते उंदीर होते. तुमच्या बॉसवर केस टाकण्याइतका पुरावा अजून हाती नाही!

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. आशियाई लोकांमध्ये पंचविशीच्या आत केस पांढरे व्हायला लागले, तर डॉक्टर त्याला ‘अकाली’ म्हणतात. अशा वेळी पार्लरच्या आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा त्रास अशी कारणं यामागे असू शकतात आणि ती साध्या रक्ततपासणीत कळतात. घरात पूर्ण शाकाहार असेल आणि दूध-दह्याचंही वावडं असेल, तर बी-१२ बघायलाच हवं. सिगारेट आणि लवकर पिकणारे केस यांचाही संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. कारण सापडलं आणि उपचार झाले, तर काही जणांचा रंग थोडाफार परतही येतो. पण कारण घराण्यातलंच असेल, तर कुठलंही तेल, कुठलीही गोळी केस मुळापासून काळे करत नाही. जाहिरात काहीही म्हणो.

आणि हो, एक पांढरा केस उपटला की सात येतात, हेही खोटं. एका मुळातून येतो तो एकच. पण सारखं उपटत राहिलात तर मूळ दुखावतं आणि तिथे काहीच येईनासं होतं. टोचत असेल तर छोट्या कात्रीने कापा.

विशी-तिशी: कट आधी, रंग नंतर

या वयात खरा प्रश्न पांढऱ्या केसांचा कमी आणि केस कमी होण्याचा जास्त असतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे. पण बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, डेंग्यू किंवा कोविडसारख्या तापानंतर, झटपट डाएट केल्यावर एकदम पुंजकेच हातात येतात. बहुतेकींच्या बाबतीत हे तात्पुरतं असतं आणि वर्षभरात केस भरून येतात. त्या काळात ब्लीच, स्ट्रेटनिंग असलं काही करू नका. खांद्यापर्यंतचा साधा कट घ्या. नवे, आखूड केस कपाळावर उभे राहतात तेव्हा तो फार उपयोगी पडतो.

रोज घट्ट पोनी किंवा घट्ट अंबाडा घालत असाल, तर कानशिलांजवळची रेषा मागे सरकतेय का, ते बघत राहा. सततच्या ओढीने तिथले केस कायमचे जाऊ शकतात. एक दिवस पोनी, एक दिवस सैल वेणी, एक दिवस क्लच, असा बदल करत राहा.

कट निवडताना मासिकातला फोटो घेऊन जाता ना? जरूर जा. पण स्टायलिस्टला दोन प्रश्न विचारा. ‘हा कट ड्रायरशिवाय कसा दिसेल?’ आणि ‘पुन्हा कधी यावं लागेल?’ कपाळावरची फ्रिंज तीन-चार आठवड्यांत डोळ्यांत जाते. ब्लंट बॉब सहा आठवड्यांत आकार सोडतो. लेयर्स दोन महिने निभतात. एका लांबीचे केस तीन महिने सहज चालतात. पार्लरमधून निघताना सगळेच कट झक्कास दिसतात. खरी परीक्षा असते ती जुलै महिन्यात, ८.१२ ची लोकल पकडून किंवा हेल्मेट घालून ऑफिसला पोहोचल्यावर. ड्रायरने सरळ केलेले केस दमट हवेत पुन्हा मूळ पदावर येतात, त्याला मुंबईत कुणाचाच इलाज नाही.

स्ट्रेटनिंग आणि ‘केरॅटिन’ करणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यात नेमकं काय वापरतात, ते बाटलीवर वाचा. फॉर्माल्डिहाइडच्या वाफा डोळ्यांना आणि घशाला त्रास देतात, म्हणून ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ प्रॉडक्ट्स आली. त्यातल्या काहींमध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापलेल्या एका प्रकरणात अशा ट्रीटमेंटनंतर एका तरुणीच्या किडनीला इजा झाली होती. ट्रीटमेंटच्या वेळी डोक्याला आग-आग झाली, तर ‘थोडं सहन करा’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सरळ धुवायला लावा.

आता त्या पहिल्या पाच-पंचवीस पांढऱ्या केसांचं काय? खरं सांगायचं तर काहीच नाही. भांग बदला, बाजूला घ्या. लग्नकार्य असेल तर तेवढ्यापुरती मस्कारासारखी टच-अप स्टिक फिरवा. त्या पंचवीस केसांसाठी डोक्यावरच्या लाखभर केसांना पर्मनंट रंग लावणं म्हणजे एक डास मारायला सगळी सोसायटी रिकामी करण्यासारखं आहे.

चाळिशी: आकडे वाचायला शिका

चाळिशीत पांढऱ्यांची संख्या वाढते आणि ‘काळाच हवा’ हा हट्टही वाढतो. इथेच बहुतेकांचं चुकतं. डोकं अर्धं पांढरं झाल्यावर गडद काळा रंग लावला, की मुळाशी निघणारी रेघ तितकीच ठळक दिसते. शिवाय वयाबरोबर चेहऱ्याचा रंगही थोडा बदललेला असतो, त्यावर कोळशासारखा काळा रंग टोपीसारखा बसतो. त्यापेक्षा आपल्या मूळ रंगाहून एखाद-दुसरी पायरी फिका ब्राउन घ्या. रेघ लवकर नजरेत येत नाही आणि पाच आठवड्यांचे सहा-सात होतात. वर्षातून दोन-तीन फेऱ्या वाचल्या!

पायरी ओळखायची कशी? पाकिटावरचा आकडा बघा. बहुतेक कंपन्यांत १ म्हणजे काळा. आकडा वाढतो तसा रंग फिका होत जातो. ३ गडद ब्राउन, ४ ब्राउन, ५ फिका ब्राउन. आपल्याकडचे केस बहुतांशी १ ते ३ मध्ये बसतात. बिंदूनंतरचा आकडा छटा सांगतो: राखाडी, सोनेरी, तांबूस, लालसर. ही छटांची यादी कंपनीगणिक बदलते, म्हणून पार्लर बदलताना जुन्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि पाकिटावरच्या मॉडेलवर जाऊ नका. पांढऱ्या केसावर रंग कसा दिसेल, ते बहुतेक पाकिटांच्या मागे दिलेलं असतं. बघायचं ते.

साधारण अंदाज असा ठेवा. पाव डोकं पांढरं असेल, तर सेमी-पर्मनंट रंग पुरतो. तो काही धुण्यांत हळूहळू उतरतो, म्हणून रेघ पडत नाही. अर्धं पांढरं असेल, तर सगळे केस रंगवण्यापेक्षा मधल्या-मधल्या बटा फिक्या-गडद करून पांढरे त्यात मिसळून टाकणं जास्त शहाणपणाचं. नव्याने उगवणारा पांढरा केसही मग हायलाइटच वाटतो. त्याहून जास्त पांढरे असतील, तर दोनच रस्ते. नेमाने पर्मनंट रंग, नाहीतर सरळ रामराम.

पर्मनंट रंगाचं काम चालतं कसं? अमोनिया केसाचं वरचं आवरण उघडतो, हायड्रोजन पेरॉक्साइड आतला मूळ रंग फिका करतो आणि त्याच्याच मदतीने आत शिरलेले छोटे रेणू एकमेकांना जोडून रंग तयार होतो. मोठे झालेले रेणू मग बाहेर पडू शकत नाहीत. पॅरिसमधल्या युजीन श्यूलर नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञाने १९०७ मध्ये असा रंग बनवला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच आजची लॉरिअल. ‘अमोनिया-फ्री’ रंगात अमोनियाच्या जागी दुसरं अल्कली असतं. वास कमी येतो, पण बाकीची केमिस्ट्री बहुतेक तीच असते.

मेंदीवाल्यांनो, तुमच्यासाठीही! शुद्ध मेंदी पांढऱ्या केसाला केशरी-तांबडा रंग देते, काळा कधीच नाही. काळसर हवा असेल, तर मेंदीनंतर नीळ, म्हणजे नीळीच्या पानांची पूड लावावी लागते. दोन्हींचा मिळून अर्धा दिवस जातो. बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून जे पाकीट मिळतं आणि तासाभरात केस काळे करतं, त्यात बहुधा मेंदी नावालाच असते. काम करतो तो रासायनिक रंगच. मेंदी लावलेल्या केसांवर नंतर पर्मनंट रंग किंवा ब्लीच करायचं असेल, तर पार्लरमध्ये आधी सांगा. काही पाकिटांत धातूंचे क्षार असतात, पेरॉक्साइड लागल्यावर केस गरम होऊन तुटू शकतात.

कानामागचा तो ठिपका

रंगाच्या पाकिटात एक कागद असतो. त्यावर ‘४८ तास आधी त्वचेवर चाचणी घ्या’ असं लिहिलेलं असतं आणि तो कागद आपण पहिल्यांदा कचऱ्यात टाकतो. टाकू नका.

गडद रंगांत पीपीडी नावाचं रसायन सर्रास असतं. ॲलर्जीच्या बाबतीत ते कुप्रसिद्ध आहे. डोक्याला खाज, कानांच्या कडा लाल, पापण्या सुजणं, केसांच्या रेषेवर पाणी सुटणं, ही त्याची लक्षणं. कधी नुसतंच कपाळ आणि कानशिलं काळवंडतात आणि माणूस उन्हाला दोष देत बसतो. गंमत म्हणजे दहा वर्षं काही न होता अकराव्या वर्षी ॲलर्जी होऊ शकते. आणि एकदा झाली की साधारणपणे आयुष्यभर राहते. मग ‘कमी प्रमाणात लावून बघू’ चालत नाही. जत्रेत किंवा बीचवर काढतात त्या काळ्या मेंदीच्या टॅटूतूनही हे लागू शकतं, म्हणून मुलांना त्यापासून दूरच ठेवा.

चाचणी अगदी सोपी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, पाकिटावर सांगितल्याप्रमाणे चण्याएवढा ठिपका लावायचा आणि दोन दिवस वाट पाहायची. खाज, पुरळ, सूज काहीही आलं तर तो रंग तुमचा नाही. बॉक्सवर ‘हर्बल’, ‘नॅचरल’ लिहिलं असलं तरी मागची बारीक अक्षरं वाचाच.

‘रंगाने कॅन्सर होतो का?’ हा प्रश्न मेसेजमधून सतत फिरत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने रोज रंग हाताळणाऱ्या केशकर्तनकारांचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे. स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांबाबत मात्र ठोस निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असं म्हटलं आहे. म्हणजे काळजी घ्यायला हवी ती तुमच्याआधी तुमच्या पार्लरवाल्या ताईने. ती हातमोजे घालते का आणि तिथे हवा खेळती आहे का, हे बघून पार्लर निवडा. तिचंही भलं, तुमचंही.

पुरुष मंडळी, इकडे लक्ष द्या!

‘आम्हाला काय, वाढले की कापले,’ असं म्हणणारे लोक मिशीला गुपचूप कलप लावतात, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. दाढी-मिशी रोज वाढताना दिसते, त्यामुळे तिथली रेघ डोक्यापेक्षा कितीतरी लवकर उघडी पडते. २०२५ मध्ये कसोटीतून निवृत्त झाल्यावर विराट कोहलीने गमतीने सांगितलं होतं, की दर चार दिवसांनी दाढी रंगवावी लागली की समजायचं, आता वेळ झाली! त्यात हसण्यासारखं जेवढं आहे, तेवढंच मोजण्यासारखंही.

केस विरळ होत असतील, तर एका बाजूचे लांब वाढवून दुसरीकडे नेऊन चिकटवू नका. वारा आला की सगळं उघडं. बाजू बारीक आणि वर थोडे जास्त, असा आखूड कट विरळपणा उत्तम झाकतो. गोऱ्या टाळूवर गडद काळा रंग लावला की मधली जागा जास्तच चमकते. तिथे फिका रंग किंवा मूळचा करडा बरा. आणि केस वाचवायचे असतील, तर सुरुवातीलाच त्वचारोगतज्ज्ञाला भेटा. गेलेल्यांना परत आणण्यापेक्षा असलेल्यांना धरून ठेवणं सोपं असतं.

पन्नाशी आणि पुढे: थांबायचं असेल तर...

माझ्या आईने वीस वर्षं नेमाने कलप लावला. महिन्याचा पहिला रविवार, जुना गाऊन, गळ्याला टॉवेल, असा तिचा तो ठरलेला कार्यक्रम. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि तिचं पाकीट संपलं. महाराष्ट्रात पार्लर्स उघडली २८ जूनला. तोवर तीन महिन्यांत तिची रेघ चार बोटांच्या दोन बोटं आत आली होती. ती पार्लरमध्ये गेली ती रंगवायला नाही, तर कापायला. मानेपर्यंतचे केस घेऊन घरी आली तेव्हा मावशी व्हिडिओ कॉलवर किंचाळली, ‘अगं ताई, एकदम म्हातारी झालीस की!’ आई म्हणाली, ‘म्हातारी नाही गं. माझा रविवार मोकळा झाला.’

तिच्या निर्णयात एक साधं गणित होतं. केस वर्षाला साधारण १५ सेंटिमीटर वाढतात. ३० सेंटिमीटर लांब रंगवलेले केस पूर्ण जायला दोन वर्षं लागतात, बॉबला एक वर्ष आणि अगदी आखूड पाच सेंटिमीटरच्या कटला फक्त चार महिने. म्हणून रंग सोडायचा निर्णय हा आधी कटचा निर्णय असतो! एकदम कापायची हिंमत नसेल, तर स्टायलिस्टकडून रंगवलेल्या भागात फिक्या बटा घालून घ्या, म्हणजे वरचा पांढरा आणि खालचा काळा यांच्यातली भिंत पुसट होते. सहा-आठ महिने ‘मध्येच अडकल्यासारखं’ दिसणार, हे गृहीत धरा. त्या काळात स्कार्फ, हेअरबँड, सैल अंबाडा हे तुमचे मित्र.

पांढऱ्या केसांनाही देखभाल लागतेच. ते कोरडे आणि हट्टी होतात, म्हणून कंडिशनर हवाच. धूर, ऊन आणि टँकर-बोअरच्या जड पाण्याने त्यांच्यावर पिवळट झाक येते. आठ-दहा दिवसांतून एकदा जांभळा शॅम्पू लावला की ती कमी होते. पन्नाशीनंतर भांग रुंद होतोय असं वाटलं, तर भांग सरळ न पाडता नागमोडी पाडा. ‘या वयात केस आखूडच हवेत’ असा मात्र कुठलाही नियम नाही. पांढऱ्याशुभ्र अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा जसा दिसतो, तसा तो काळ्यावरही दिसत नाही.

आणि तेल? आजीचा जय असो. २००३ मध्ये मॅरिकोच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. धुताना केसातलं प्रोटीन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी केलं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचाच अभ्यास आहे, हे लक्षात ठेवून घ्या. पण न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावायची पद्धत त्यात पास झाली खरी.

डोकं कुणाचं?

‘सॉल्ट अँड पेपर’ हा शब्द बहुतेकदा पुरुषांसाठीच वापरला जातो, लक्षात आलंय? २०११ च्या ‘मंकाथा’ या तमिळ चित्रपटात अजितने पिकलेल्या केसांचा हिरो केला आणि तो स्टाइल ठरला. मिलिंद सोमणचे करडे केस म्हणजे फिटनेसची जाहिरात. बाईने तसंच केलं, की ‘अगं, तब्येत बरी आहे ना?’

कॅनडातली उदाहरणार्थ घटना घ्या. लिसा लाफ्लेम ही तिथली नामवंत वृत्तनिवेदिका. २०२० मध्ये, कोविडच्या काळात तिने केस रंगवणं थांबवलं. २०२२ मध्ये चॅनेलने तिचा करार संपवला. कंपनीने हा व्यावसायिक निर्णय असल्याचं सांगितलं, वयाचा संबंध नाकारला. पण देशभर वाद पेटला तो तिच्या केसांवरून.

आपल्याकडे केसांवर समाजाने हक्क सांगण्याचा इतिहास तर फार मागे जातो. विधवांच्या केशवपनाविरुद्ध १८९० मध्ये मुंबईतले नाभिकच उभे राहिले, आम्ही वस्तरा चालवणार नाही म्हणाले. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. आज वस्तरा गेला. त्याच्या जागी कांदेपोह्यांच्या आधीची कुजबुज आली. ‘पांढरे दिसायला नकोत हं, रंगवून घे.’ सत्तावीस वर्षांची मुलगी रंगवून घेते आणि मग लग्नानंतर दर महिन्याला बाथरूमची कडी लावून ते लपवत राहते. असं गुपित सांभाळण्यापेक्षा पोह्यांच्या वेळीच सांगून टाकलेलं बरं. ज्याला चार पांढऱ्या केसांचा प्रॉब्लेम आहे, त्याचे स्वतःचे किती दिवस टिकणार आहेत?

दुसऱ्या बाजूला, इंदिरा गांधींची ती पांढरी बट आठवा. ती त्यांची ओळख झाली. वहिदा रेहमान रुपेरी केसांत किती सुंदर दिसतात! २०२३ मध्ये झीनत अमान इन्स्टाग्रामवर आल्या त्या चंदेरी केसांनिशी आणि आपल्या वयाच्या मुलींनी त्यांना डोक्यावर घेतलं. अर्थात, आता ‘न रंगवणाऱ्याच धीट’ अशी नवी सक्ती नको. आवडतो म्हणून साठीत जांभळा रंग लावणारी आजीही तितकीच कूल.

फ्रिजवर लावा: केसांचं कॅलेंडर

• कार्याच्या आठवडाभर आधी: पॅच टेस्ट. कार्य लग्नाचं असो की गणपतीचं, आयुष्यातला पहिला पर्मनंट रंग त्या आठवड्यात नको. तो प्रयोग दोन महिने आधी.
• चार-पाच दिवस आधी: रंग. कपाळावरचे डाग जातात, रंगही जरा बसतो.
• रंगानंतर दोन-तीन दिवस: शॅम्पू नाही. पुढेही आठवड्यातून दोन-तीनदाच, कोमट पाण्याने.
• दर पाच-सात आठवड्यांनी: फक्त मुळांना टच-अप. प्रत्येक वेळी टोकांपर्यंत रंग ओढला, तर टोकं काळपट आणि कोरडी होतात.
• दर दोन-तीन महिन्यांनी: टोकं कापून घ्या.
• वर्षातून एकदा: कॅलेंडर काढून बसा. किती फेऱ्या झाल्या, किती पैसे गेले आणि मजा आली का? तिन्ही उत्तरं पटली तर पुढचं वर्ष खुशाल रंगवा. नाही पटली तर कट बदला, छटा बदला, नाहीतर थांबा. मेंबरशिप तुमची आहे, रद्द करायचा हक्कही तुमचाच.

आणि एक शेवटचं. पुढच्या वेळी ऑफिसमध्ये एखाद्या मैत्रिणीच्या भांगात पांढरी रेघ दिसली, तर तिला ती माहीत आहे असं समजून चाला. तिच्याकडेही आरसा आहे. तुम्ही सरळ विचारा, ‘चल, चहा घेणार?’